कलम नऊ आणि बरोबरसाहेबांची हिरवी खूण

बरोबरसाहेबांनी लाच म्हणून विजेवरची गाडी घेतली, ही बातमी आमच्या गल्लीत दोन दिवस फिरत होती. गाडी मात्र जागची हलत नव्हती. पांढरी, नवीकोरी, सीटवरचं प्लास्टिकसुद्धा न काढलेली अशी ती त्यांच्या दारात उभी होती, आणि येणारा-जाणारा तिच्याकडे बघून शेजारच्याला कोपरखळी मारत होता. "नाकासमोर चालणारा माणूस म्हणायचे. आता नाकासमोर गाडीच आली, करतो काय बिचारा." तिसऱ्या दिवशी क्रेन आली आणि गाडी पुढून उचलून घेऊन गेली, तेव्हा उलगडा झाला. गाडी साहेबांच्या मेहुण्याची. बहिणीला दाखवायला म्हणून ऐटीत घेऊन आला, इथे पोचेपर्यंत चार्जिंग संपलं, चार्जर घरी राहिला. स्वतः बसने परत गेला, तेही मागच्या दाराने.

तेव्हा लाचेची गोष्ट खोटी. बरोबरसाहेबांनी उभ्या नोकरीत कुणाच्या छदामाला हात लावला नाही. खरं होतं ते लाचेपेक्षा लाजिरवाणं होतं, आणि ते कुणी पसरवलं नाही. ते त्यांनी स्वतःच सांगितलं, भरल्या सभेत, माईक हातात धरून.

बरोबरसाहेब हे अर्थात त्यांचं खरं नाव नव्हे. त्यांना प्रत्येक वाक्याच्या शेवटी "बरोबर" म्हणायची सवय, आणि बघून झालेल्या प्रत्येक वस्तूवर बरोबरची खूण करायची त्याहून मोठी सवय. खिशात कायम हिरव्या रंगाचं जाड मार्कर. औषधाच्या पाकिटावर घेतलेल्या गोळीच्या खळग्यापुढे खूण. भाजीच्या यादीवर खूण. वीज बिलावर तर दोन. खूणही साधीसुधी नाही. खाली आखूड पाय, मग वर चढत जाणारी लांबलचक रेघ, आणि तिच्या टोकाला मांजराच्या शेपटीसारखा मागे वळलेला आकडा. शंभर खुणांत ती एक ओळखू यावी. वहिनी म्हणायच्या, "एक दिवस झोपेत माझ्या कपाळावर काढतील, मग मी मोकळी."

नोकरीही स्वभावाला साजेशी मिळाली होती. सौर पॅनेल वीस-पंचवीस वर्षांनी म्हातारं होतं, गारांनी त्याआधीही तडकतं. गाडीची बॅटरी आठ-दहा वर्षांत दमते. या सगळ्या मढ्यांचं करायचं काय, यासाठी सरकारने नियम केला होता: ज्याने विकलं त्यानेच परत घ्यायचं, परवान्याच्या कारखान्यात मोडायचं, काच वेगळी, चौकट वेगळी, आतले धातू वेगळे करायचे, आणि विषारी ते बंद पिंपात भरायचं. मोडल्याचा दाखला मिळाला की विकणारा सुटला. त्या दाखल्यावर शेवटची सही करणारा तपासनीस म्हणजे आमचे बरोबरसाहेब.

त्यांच्या आधीच्या तपासनिसाला एका कारखान्याने तेच तेच पन्नास पॅनेल दर महिन्याला दाखवून उल्लू बनवलं होतं. साहेबांनी त्यावर उपाय काढला. मोजलेल्या प्रत्येक पॅनेलच्या काचेवर आणि प्रत्येक बॅटरीच्या डब्यावर न पुसल्या जाणाऱ्या हिरव्या रंगाने खूण. खूण असलेला नग दुसऱ्यांदा मोजणीला आला की चोरी उघडी. इतकी सोपी युक्ती की खात्यातल्या लोकांना आपल्याला का सुचली नाही याचा राग आला.

शहराबाहेरच्या मोडणीच्या कारखान्यात ते पहिल्यांदा गेले तेव्हा मोजून, खुणा करून, मागच्या शेडमध्ये चुरा करणाऱ्या यंत्रापाशीही जाऊन उभे राहिले होते. पाऊण तास. त्या दिवशी काचेची बारीक धूळ त्यांच्या कॉलरमध्ये शिरली. ती तीन दिवस निघाली नाही. मान लाल झाली, झोप उडाली, वहिनींनी शर्ट झटकला तर त्यांच्याही हाताला खाज. "असली नोकरी असेल तर कपडे कारखान्यातच धुवून या," त्या म्हणाल्या. पुढच्या खेपेला कारखान्याच्या मालकाने दारातच अडवलं. "साहेब, तुम्ही कशाला मागे येता? खुणा तुमच्या झाल्या, आता फक्त चुराच करायचाय. इथे पंख्याखाली बसा. यंत्राचा आवाज येतोच की इथपर्यंत."

आला. घरघर, मग काच फुटल्याचा खणखणाट, मग पुन्हा घरघर. बरोबरसाहेब खुर्चीत बसले, बिनसाखरेचा चहा घेतला, तासभर आवाज ऐकला आणि दाखल्यावर लिहिलं: समक्ष चुरा केला. त्या दिवसापासून साडेतीन वर्षं मोजणी डोळ्यांनी आणि चुरा कानांनी, असा कारभार चालला. खऱ्याखोट्यात चार बोटांचं अंतर असतं, डोळ्यापासून कानापर्यंत, हे आपण पोरांना शिकवतो. साहेबांनीही शिकवलं असणार.

आणि मग खात्याने नवीन नियमावली काढायचं ठरवलं. जुनी पळवाटांनी चाळणी झाली होती. मसुदा तयार झाला आणि त्यात कलम नऊ आलं. ते आमच्या सगळ्या गल्लीला पाठ आहे, कारण साहेब ते गॅलरीत येरझाऱ्या घालत म्हणायचे. "तपासनिसाने मोजलेल्या प्रत्येक नगावर हिरव्या रंगाची खूण करावी, व खूण केलेला नग नष्ट झाला असे समजावे." म्हणजे साहेबांची खूण आता सगळ्या तपासनिसांना बंधनकारक होणार होती. मसुद्यावर लोकांचं म्हणणं ऐकायला जाहीर सुनावणी ठेवली होती, आणि कलम नऊवर बोलायला खुद्द साहेबांना बोलावलं होतं. निवृत्तीला सव्वा वर्ष राहिलेला, कधी कुणाच्या फोटोतही न आलेला माणूस. त्यांनी नवा शर्ट शिवायला टाकला.

शर्ट शिवणार होत्या समोरच्या शिवणताई. एकट्या राहणारी, साठीला आलेली बाई; खालच्या खोलीत मशीन, वर झोपायची जागा. साहेबांच्या घरातला पडदा, उशी, परकर, काही त्यांच्या हाताखालून गेल्याशिवाय घरात आलेलं नाही. वहिनी त्यांना ताई म्हणतात, म्हणून साहेबही ताई म्हणतात, आणि त्या साहेबांना भाऊजी म्हणतात. मापं घेताना त्या म्हणाल्या, "भाऊजी, पोट आत घेऊ नका. सुनावणीला तासभर आत धरवणार नाही."

सुनावणीला तीन आठवडे होते, तेव्हा पहिली खूण दिसली.

कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्याचं टेबल नवीन होतं. चार विटांच्या खांबांवर सपाट, काळंनिळं, गुळगुळीत, वर घोंगडी. साहेब कपडे द्यायला गेले आणि घोंगडीच्या कडेखालून मांजराची शेपटी डोकावताना त्यांना दिसली. हिरवी. त्यांनी घोंगडी बोटाने वर केली. आखूड पाय, लांब रेघ, टोकाला आकडा.

"चांगलंय ना, साहेब?" इस्त्रीवाला म्हणाला. "सौरचं पॅनेल आहे. भंगारात मिळालं. तापत नाही, वाकत नाही. वर तुमच्यासारखीच कुणीतरी खूण केलीय."

"बरोबर," साहेब म्हणाले, आणि घोंगडी होती तशी नीट केली.

घरी येऊन त्यांनी कारखान्याच्या मालकाला फोन लावला. मालक मुळीच दचकला नाही. "अहो साहेब, हजारांत एखादं निसटतं. उतरवताना कुणी हमालाने नेलं असेल. मी बघतो ना." साहेबांना हे उत्तर हवंच होतं. त्यांनी ते लगेच घेतलं, जसं आजारी माणूस डॉक्टरांचं "काही नाही, गॅसेस आहेत" घेतो.

पण एकदा डोळा त्या खुणेला सरावला की ती लपत नाही. दुसऱ्या दिवशी कबुतरांच्या खुराड्याचं छप्पर. मग सायकल दुरुस्तीवाल्याच्या दुकानाची आडभिंत. नाल्यावर लोक ओलांडायला टाकतात त्या फळीच्या जागी एक पॅनेल, मध्ये तडकलेलं, आणि त्यावरून शाळेची मुलं उड्या मारत चाललेली. त्यांच्या पायाखाली साहेबांची खूण. पाचव्या दिवशी गल्लीला हा खेळ कळला. मग काय विचारता. "साहेब, कबुतरं पास झाली म्हणे." "साहेब, आमची म्हैस नापास का ठेवलीत, तिच्यावर पण काढा." (म्हैस कुणाकडेच नव्हती, पण विनोदाला कुठे लागते.) साहेब सगळ्यांबरोबर हसले. आपल्यावर हसणाऱ्यात आपणच सामील झालं की मार कमी लागतो, हे त्यांना माहीत होतं. मनातल्या मनात मात्र ते मोजत होते, आणि आकडा तेवीसवर पोचल्यावर त्यांनी मोजणं थांबवलं. उभ्या आयुष्यात एखादी मोजणी अर्धवट सोडायची त्यांची ती पहिली वेळ.

वहिनींनी एकदा विचारलं, "अहो, ती पॅनेलं तुमच्यासमोर फुटली होती ना?"

"आवाज ऐकला मी."

"आवाज तर आपल्या मिक्सरचाही येतो. म्हणून चटणी झाली असं मी जेवायला वाढते का?"

ते उठून गॅलरीत गेले आणि कलम नऊ म्हणू लागले, जरा मोठ्याने.

आता जे घडलं ते साहेबांनी नंतर सगळ्यांना सांगितलं म्हणून मला माहीत. सुनावणीच्या चार दिवस आधी ते शर्ट बघायला शिवणताईंकडे गेले. शर्ट तयार होता, बटणं लागायची होती. तेवढ्यात वीज गेली, पण मशीन चालूच राहिली. ताईंनी गालातल्या गालात हसत टेबलाखाली बोट दाखवलं. तिथे फडक्याखाली एक लोखंडी डबा होता, भल्या मोठ्या पाटाएवढा.

"नवीन घेतली. विजेच्या स्कूटरची बॅटरी आहे, स्कूटर दुरुस्तीवाल्याने घरच्या वापरासाठी करून दिली. वीज गेली तरी चार तास चालते. आधी मी भीत होते हो, म्हटलं जुनी, भंगारातली, घरात आग लागायची. पण त्याने दाखवलं." ताईंनी फडकं बाजूला केलं. "म्हणाला, ही हिरवी खूण म्हणजे खात्याने तपासून पास केलेली. मी बघितलं तर तुमच्या हातची. भाऊजींची खूण आहे म्हटल्यावर डोळे झाकून घेतली."

साहेबांनी बघितलं. खूण त्यांचीच होती. ती बॅटरी त्यांनी मेलेली म्हणून मोजली होती. तिचा डबा उघडून, आतलं वेगळं करून, विषारी ते पिंपात गेल्याच्या दाखल्यावर त्यांची सही होती. आणि बाजारात त्या खुणेचा अर्थ उलटा झाला होता: यंत्राखाली जाण्याची खूण दाखवून लोक वस्तू घरात आणत होते.

एवढंच म्हणायचं होतं, "ताई, ही काढा. आत्ता काढा." सहा-सात शब्द सुद्धा नाहीत. पण ते म्हटलं की ताई विचारणार, का? मग खूण तुमची कशी? मग सुनावणी, मग कलम नऊ, मग सगळंच. चार दिवस, त्यांनी मनाशी हिशेब केला. फक्त चार दिवस. सुनावणी झाली की स्वतः येऊन काढून नेतो, काहीतरी कारण सांगतो.

"बरोबर आहे ना, भाऊजी?" ताईंनी विचारलं.

"बरोबर," साहेब म्हणाले.

तिसऱ्या दिवशी भर दुपारी ताईंच्या खोलीतून धूर निघाला. डबा फुगून टच्च झाला होता, शिट्टीसारखा आवाज करत होता. मशीनवर बसलेल्या ताईंनी घाबरून तारा उपटायला हात घातला आणि आतून जाळ उसळला. इस्त्रीवाला पाण्याची बादली घेऊन धावला, कुणीतरी वाळू ओतली, कुणीतरी ताईंना ओढून बाहेर काढलं. मशीन, टेबल, कापडाचे गठ्ठे सगळं गेलं. ताई वाचल्या. उजवा तळहात आणि दोन बोटं मात्र भाजली, आतपर्यंत. डॉक्टर म्हणाले, जखम भरेल, पण बोटं पूर्वीसारखी वळतील असं सांगता येत नाही. शिवणाऱ्या बाईला हे सांगायचं म्हणजे काय, ते त्या डॉक्टरांनाही कळलं असावं. ते खिडकीकडे बघून बोलले.

साहेबांचा शर्ट तेवढा वाचला. तो धुराच्या वेळी दोरीवर बाहेर टांगलेला होता. जगात असे विनोद होतात.

संध्याकाळी बरोबरसाहेब आणि वहिनी दवाखान्यात गेले. ताई उशीला टेकून बसल्या होत्या, हात पांढऱ्या बोचक्यात. साहेबांना बघून त्यांनी धीर द्यायचा प्रयत्न केला, आणि हेच फार वाईट झालं. "तुम्ही नका असं तोंड करू, भाऊजी. पास झालेली होती म्हणून एवढ्यावर निभावलं. बिनखुणेची असती तर मी उरलेच नसते. ते दुरुस्तीवाल्याचंच काहीतरी चुकलं असणार."

वहिनींनी नवऱ्याकडे बघितलं. पंचवीस वर्षांच्या संसारात बायकोला नवऱ्याच्या मानेवरून कळतं. साहेब म्हणतात, त्या काही बोलल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांना तिथल्या तिथे धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं, पण दवाखान्याची फरशी पक्की होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी, सुनावणीच्या आदल्या दिवशी, ते कुणाला न सांगता कारखान्यात गेले. मालक नव्हता. पुढच्या खोलीत पंखा चालू, खुर्ची तयार. मागून नेहमीचा आवाज येत होता, घरघर, खणखणाट. साहेब खुर्चीला वळसा घालून मागे गेले.

यंत्र चालू होतं. त्याच्या तोंडाशी एक म्हातारा कामगार बसला होता आणि बाजूच्या टोपलीतून एकेक रिकामी बाटली आत टाकत होता, सावकाश, दमादमाने, जसं कुणी पाखरांना दाणे टाकतं. पॅनेल एकही नव्हतं.

"पॅनेल कुठायत?" साहेबांनी विचारलं.

म्हाताऱ्याने त्यांना ओळखलं नाही. "पॅनेल कशाला फोडतील, बाबा? अख्खी विकतात. चौकटी काढून घेतात, उरलेली मागे. मला सांगितलंय, पुढे तो खुणावाला साहेब आला की बाटल्या टाकायच्या. आज आलाय वाटतं, आत्ताच फाटकावरून यंत्र लाव म्हणून निरोप आला."

"किती वर्षं टाकताय?"

"तो साहेब पुढे बसायला लागल्यापासून. भला माणूस आहे म्हणतात. कधी मागे येत नाही."

मागे खाणीचा जुना खड्डा होता. खड्डाभर पॅनेल, चौकटी काढलेली, तडकलेली, एकावर एक. डबक्यातल्या पाण्यावर रंगीत तवंग. आणि प्रत्येक काचेवर हिरवी शेपटी वर करून साहेबांची खूण, शेकड्यांनी, सगळ्या आभाळाकडे तोंड करून. शाळेत एखाद्या मुलाचा सगळा पेपर बरोबर यावा तसा तो खड्डा दिसत होता. साहेब काठावर बसले. मग तवंगाच्या पाण्याने बूट भरेपर्यंत आत उतरून त्यांनी एक फुटकं पॅनेल उचललं, आणि ते काखेत मारून बसने घरी आले. बसमध्ये कुणी जागा दिली नाही.

सुनावणीचा हॉल भरलेला होता. पॅनेल विकणारे, बॅटऱ्या बनवणारे, भंगारवाले, पुढच्या रांगेत कारखान्याचा मालक, आणि व्यासपीठावर खात्याच्या मोठ्या मॅडम. आम्ही गल्लीतले चौघे-पाचजण खास साहेबांचं भाषण ऐकायला गेलो होतो, म्हणून मी बघितलं ते सांगतो. साहेब जुन्याच शर्टात आले. काखेत फुटकं पॅनेल.

त्यांनी ते टेबलावर ठेवलं, चिखलासकट, आणि माईक हातात घेतला. "कलम नऊ काढून टाका," ते म्हणाले.

मॅडमनी चष्मा वर केला. "ते तुम्हीच सुचवलंय ना?"

"हो. माझी चूक झाली. ही खूण माझी. या पॅनेलचा चुरा झाला असा दाखला मी दिलाय. हे काल मी खड्ड्यातून आणलं."

"पण दाखल्यावर 'समक्ष चुरा केला' असं आहे. तुम्ही बघितलं नव्हतं?"

"ऐकलं होतं."

हॉलमध्ये आधी कुणाला कळलं नाही. मग मागच्या रांगेतून एकाने फिस्सकन हसून दिलं, आणि हसू पुढे पुढे येत गेलं. कारखान्याचा मालकही हसत होता, वाचायची वाट दिसल्यासारखा. मॅडम हसल्या नाहीत. "काय ऐकलं होतं?"

"बाटल्या," साहेब म्हणाले. "मी पुढे खुर्चीवर बसायचो. मागे काचेची धूळ असते, ती टोचते. म्हणून मी साडेतीन वर्षं मागे गेलो नाही. ते लोक बाटल्या फोडायचे. पॅनेल अख्खी बाहेर जायची, बॅटऱ्या लोकांच्या घरात. बाजारात ही खूण पास झाल्याची म्हणून चालते." मॅडमनी साहेबांपुढे पाण्याचा पेला सरकवला. त्यांनी पाणी घेतलं नाही, तसेच उभे राहिले. "परवा आमच्या शेजारणीचा हात भाजला. तिने माझी खूण बघून बॅटरी घेतली होती. त्याच्या दोन दिवस आधी तिने मला ती दाखवली. ती कसली आहे ते मला कळलं होतं. मला आजच्या दिवसाचा मोह होता, म्हणून मी बरोबर म्हणालो."

आता कुणी हसत नव्हतं. आम्ही गल्लीतले लोक आपापल्या चपलांकडे बघत होतो. म्हशीचा विनोद मीच केला होता.

पुढचं खात्याच्या चालीने झालं. चौकशी बसली, कारखान्याला कुलूप लागलं, मालकावर खटला आहे, तो चालेल तेव्हा चालेल. साहेबांचा सहीचा अधिकार काढून घेतला, बढती गेली. कलम नऊ बदललं. आता खूण-बिण काही नाही. तपासनिसाने यंत्रापाशी उभं राहायचं, आत गेलेल्याचं आणि बाहेर आलेल्या चुऱ्याचं वजन स्वतः घ्यायचं, बॅटरीचा डबा समोर उघडताना बघायचा. तिथे दिवसभर उभा राहणारा माणूस खात्याला मिळेना. काचेच्या धुळीत कोण उभं राहणार? शेवटी शिक्षा म्हणून दुसऱ्या एका कारखान्यातली ती जागा बरोबरसाहेबांनाच दिली, त्यांच्या मुलाच्या वयाच्या तपासनिसाच्या हाताखाली.

कामाआधी आणि कामानंतर ते हातगाडी घेऊन गल्लोगल्ली फिरायला लागले. हिरव्या खुणेची बॅटरी कुणाकडे असेल तर द्या, म्हणून दारोदार. लोक शिव्या घालायचे, काहीजण दारच उघडायचे नाहीत. एका बाईने विचारलं, "तुम्हीच पास केली ना, मग आता का मागता?" त्यांनी प्रत्येक दारात तेच सगळं पुन्हा सांगितलं, बाटल्यांसकट. सभेत एकदा सांगणं सोपं होतं असं ते म्हणतात; जिन्याजिन्यावर सांगताना रोज नव्याने लाज वाटायची. एकतीस बॅटऱ्या निघाल्या. त्यांतल्या चार फुगलेल्या होत्या.

पण सगळ्यात जवळचं दार त्यांच्यासाठी बंद होतं. सुनावणीच्या संध्याकाळी ते आधी दवाखान्यात गेले होते आणि ताईंना सगळं सांगून आले होते. ताई ऐकत राहिल्या. मग म्हणाल्या, "त्या दिवशी मी तुम्हाला विचारलं होतं."

"हो."

"बरं. या आता, साहेब."

भाऊजीचं साहेब झालं. वहिनी रोज डबा घेऊन जायच्या, वेणी घालून द्यायच्या, भांडी घासायच्या. ताई त्यांच्याशी नेहमीसारख्या बोलायच्या. साहेब गॅलरीत आले की समोरच्या वरच्या खिडकीचा पडदा सरकायचा. तो पडदा साहेबांच्याच घरच्या उरलेल्या कापडाचा होता. त्यांनी मग गॅलरीत येणंच सोडलं. पाच महिने असेच गेले.

ताईंची दोन बोटं वळली नाहीत. त्यांनी कात्री डाव्या हातात धरायला शिकून घेतलं, आणि वर्गणीतून आलेल्या मशीनवर आधी उशांचे अभ्रे, मग परकर, असं सरळ शिवणीचं काम सुरू केलं. शिवण थोडी वाकडी जायची. गिऱ्हाईक बोलायचं नाही, म्हणून त्याच बोलायच्या: "वाकडी आहे, दिसतंय मला. नको तर नका नेऊ."

गेल्या आठवड्यात साहेब कामावरून येत होते. मान लालबुंद, कॉलरपासून दोन बोटं दूर धरलेली, डोक्यावर काचेची पांढरी भुकटी. इस्त्रीवाल्यापाशी आम्ही दोघं-तिघं उभे होतो. इस्त्रीवाल्याचं टेबल आता लाकडी आहे. पॅनेल साहेबच घेऊन गेले. समोरचं दार उघडलं आणि शिवणताई उंबऱ्यात आल्या. डाव्या हातात तो शर्ट होता, सुनावणीचा, दोरीवर वाचलेला. एक बटण राहिलं होतं, ते त्यांनी लावलं होतं. वाकडं.

"हा राहिला होता तुमचा," त्या म्हणाल्या. साहेबांनी खाली मान घालून घेतला. ताई त्यांच्या मानेकडे बघत राहिल्या. "रोज असंच होतं का?"

"रोज."

"मग सांगायचं नाही होय? कॉलरला आतून मऊ अस्तर लावून देते, गळ्याशी पट्टी देते. काच आत जाणार नाही. आणा तो इकडे, भाऊजी."

इस्त्रीवाल्याने इस्त्री उचलून धरली ती तशीच धरली. साहेबांनी शर्ट छातीशी धरला, परत दिला नाही.

"अस्तर नको, ताई. पहिल्यांदा टोचलं म्हणूनच मी पुढे खुर्चीवर जाऊन बसलो होतो. आता टोचू दे."